आमच्या लेकीसुनांचे आरोग्य आणि आमची लाज

परभणी जिल्ह्याचा राज्यात पहिला नंबर लागला, असे ऐकण्याचा योग आमच्या वाचकांस क्वचितच येतो. रस्ते पाहा, कारखाने पाहा, दवाखाने पाहा. मराठवाड्याचे नाव यादीत खालून शोधावे लागते. परंतु एका यादीत आम्ही सर्वांच्या वर आहोत. २०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. तीत २० ते २४ वर्षांच्या बायांना, तुमचे लग्न कोणत्या वयात झाले, असे विचारले. परभणी जिल्ह्यात शंभरातील ४८ जणींचे उत्तर निघाले, अठरा भरण्याच्या आत. सबंध महाराष्ट्राचा हाच आकडा शंभरात २२ च्या जवळपास आहे. म्हणजे राज्यात जे एका घरी होते, ते आमच्याकडे दोन घरी होते. बीड आमच्या मागोमागच आहे, तेव्हा शेजाऱ्याकडे बोट दाखवून सुटण्याची सोय नाही.

या आकड्यावर वर्तमानपत्रांतून चार दिवस हळहळ झाली आणि संपली. लग्न लवकर झाले एवढ्यावर गोष्ट थांबत नाही, हे मात्र कोणी बोलले नाही. सोळाव्या वर्षी जिच्या गळ्यात मंगळसूत्र पडते, तिला सतराव्या वर्षी दिवस जातात. तिची स्वतःची हाडे अजून वाढत असतात, अंगात रक्त नसते, आणि आपल्या पोटात काय चालले आहे हे तिला कोणी सांगितलेले नसते. आईने सांगितले नाही, कारण आईला तिच्या आईने सांगितले नव्हते. बाईंनी शाळेत सांगितले नाही, कारण तो धडा "घरी वाचून या" म्हणून सोडून दिला. नवऱ्याला तर स्वतःच्याच शरीराची माहिती नाही; त्याला जे कळले ते मोबाईलवरच्या घाणीतून आणि गुप्तरोगाच्या भिंतीवरील जाहिरातीतून. अशा दोघांच्या हाती आपण एक संसार आणि एक जीव देतो, आणि मांडव काढून मोकळे होतो.

पिंगळीच्या शेतकऱ्यांस आम्ही एक गोष्ट विचारतो. तुमचे गाव परभणीला लागून, रेल्वेने पूर्णेकडे निघाले की पहिलेच स्टेशन तुमचे. कृषी विद्यापीठ तुम्हांस परके नाही. ते १९७२ सालच्या १८ मे रोजी स्थापन झाले, आणि दर वर्षी त्याच सुमारास खरिपाचा मेळावा भरला की तुम्ही उन्हातान्हात रांगेत उभे राहून तुरीचे आणि सोयाबीनचे बी घेता. बी उगवणार किती, हे गोणपाटात शंभर दाणे घालून मोजता. माती तपासून घेता. लाल कंधारी गाय कधी माजावर आली, कधी दाखवली, कधी विणार, याचा हिशेब तुमच्या तोंडी असतो. गाय अडली तर रात्री दोन वाजता जनावरांचा डॉक्टर उठवून आणता, आणि त्याला काय झाले ते सांगताना तुमची जीभ अडखळत नाही. मग घरातल्या सुनेच्या अंगावरून सहा महिने पांढरे जात असेल, ओटीपोट दुखत असेल, तर ते कोणास ठाऊक असते? कोणासच नाही. गाईला जी विचारपूस मिळते, ती सुनेला का मिळू नये?

उत्तर ठरलेले आहे: "लाज वाटते." ही लाज आली कुठून, ते जरा पाहू. पाळी आली म्हणजे आमच्या घरी "कावळा शिवला" म्हणतात. बाई बाहेरची झाली, तिने कडेला बसावे, पाण्याच्या माठाला हात लावू नये, देवाजवळ जाऊ नये. हा विटाळ शेतकऱ्याने स्वतः शोधून काढलेला नाही. सोवळ्याओवळ्याच्या शास्त्रातून तो आमच्या अंगणात उतरला. ज्या शास्त्राने कुणब्याला शूद्र ठरवले आणि चांभार, मांग, महार यांना शिवायचे नाही असे सांगितले, त्याच शास्त्राने आमच्या बायकांनाही महिन्यातले चार दिवस अस्पृश्य केले. पहिल्या अपमानाविरुद्ध आम्ही सभा भरवल्या, मोर्चे काढले. दुसरा मात्र आम्ही घरात जपून ठेवला आहे, आणि तो पाळण्यात आमच्याच सासवा सर्वांत कडक आहेत. जे अंग विटाळाचे मानले, त्याच्याविषयी बोलायचे कसे? लाजेचे मूळ हेच.

या लाजेची किंमत पैशांत आणि रक्तात मोजलेली आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायांची बातमी देशभर गेली. तरुण बाया गर्भाशय काढून घेत होत्या. ओरड झाल्यावर सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ बायांकडे चौकशी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. दर सहा बायांमागे एक! देशभरच्या पाहणीत हे प्रमाण शंभर बायांत तीनच्या आसपास आढळले होते. म्हणजे उसाच्या फडात जाणाऱ्या आमच्या बहिणींच्या पोटात असा कोणता रोग शिरला होता, जो इतर देशात नाही?

रोग नव्हता, व्यवहार होता. परभणी जिल्ह्यातूनही गंगाखेड, सोनपेठ, पालम भागातील टोळ्या कोयत्यावर जातात, त्यांना हा व्यवहार सांगावा लागत नाही. मुकादमाकडून उचल घेतली की नवराबायको मिळून एक कोयता. एकट्या पोराला पुरी उचल नाही, म्हणून हंगामाच्या आधी त्याचे लग्न उरकायचे. मागे घरी वयात आलेली पोर सांभाळायला कोणी नाही, म्हणून तिचेही उरकायचे. (ज्यांना ४८ या आकड्याचे कोडे पडले असेल, त्यांनी ते येथे सोडवून घ्यावे.) फडावर पहाटे अंधारात उठायचे, मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढायचे. न्हाणी नाही, संडास नाही, पाळीच्या दिवसांत बदलायला आडोसा नाही, धुवायला स्वच्छ पाणी नाही. त्यात एक दिवस पडून राहिले तर खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीत चढतो. मग पांढरे जाते, खाज सुटते, पाठ भरून येते. हा बहुतेक वेळा साधा जंतूंचा दोष असतो. योग्य गोळ्या पुऱ्या मुदतीने घेतल्या तर बरा होतो. तो नवऱ्याकडून आला असेल तर गोळ्या दोघांनीही घ्याव्या लागतात, नाहीतर बायको बरी होते आणि आठ दिवसांत पुन्हा आजारी पडते. परंतु हे तिला ठाऊक नसते. ती दवाखान्यात जाते तेव्हा तिच्यापुढे सोनोग्राफीचा कागद धरून कोणीतरी सांगतो, "पिशवी सुजली आहे, कॅन्सर होईल, काढून टाका, कटकट जाईल." दोन लेकरे झालेली आहेत, पाळीचा त्रासही जाईल, खाडाही पडणार नाही, ती मान डोलावते. ऑपरेशनला पैसा मुकादमाकडून उचल म्हणून येतो, आणि ते कर्ज फेडायला तीच बाई पुढच्या हंगामात पुन्हा फडावर उभी राहते.

सगळेच डॉक्टर असे करतात, असे आम्ही म्हणत नाही. गाठी मोठ्या झाल्या, रक्त कशानेही थांबेना, खरोखर कॅन्सर निघाला, तर पिशवी काढावी लागते आणि त्याने जीव वाचतो. परंतु ती शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर तिशीतल्या बाईला पन्नाशीचे म्हातारपण येते. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडे ठिसूळ होतात, हृदयाचे दुखणे लागण्याचा धोका वाढतो. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर लवकर ओळखण्यासाठी पातळ व्हिनेगर लावून पाहण्याची साधी तपासणी आहे. तिला ना सोनोग्राफी लागते, ना मोठा खर्च. किती बायांना हे कोणी सांगितले? बीडच्या प्रकरणानंतर तेथे खासगी दवाखान्यांना अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी घेणे भाग पडले. २०२३ च्या एप्रिलमध्ये बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातील अशाच प्रकारांवरून सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना केंद्राची नियमावली लागू करण्यास सांगितले. ठीक झाले. परंतु नियम कागदावर आणि बाई अंधारात, असे असले तर नियम काय करील? पूर्वी आमच्या आजोबांना अक्षर येत नव्हते, म्हणून सावकार कोऱ्या कागदावर अंगठा घेई. आता अंगठ्याऐवजी सही आहे. कागद दवाखान्याचा आहे, आणि त्यात काय लिहिले ते सही करणारीला आजही कळत नाही.

या प्रश्नावर आमच्या चळवळीने पूर्वी कधी तोंड मिटून घेतले नव्हते, हे तरुण वाचकांस ठाऊक असावे म्हणून थोडे मागचे सांगतो. १८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्याच घरात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसलेल्या विधवांनी, त्यातही ज्या ब्राह्मण घरांत विधवाविवाहाला बंदी होती तेथील मुलींनी, यावे, गुपचूप बाळंत व्हावे, मूल ठेवावे किंवा न्यावे. विचारणा नाही, जात नाही, शिक्षा नाही. आलेल्या एका विधवेचे मूल त्या दोघांनी दत्तक घेतले. तेच डॉक्टर यशवंत. माळ्याच्या घराने दीडशे वर्षांपूर्वी बाईच्या अडचणीला दार उघडले, आणि आज आमच्या घरात तीच अडचण आली तर आम्ही आधी दाराला कडी घालतो!

दुसरे नाव रखमाबाईंचे. त्या मुंबईच्या, सुतार समाजाच्या. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न लावून दिले होते. मोठे झाल्यावर त्यांनी, ज्या लग्नाला मी संमती दिली नाही ते मला मान्य नाही, असे म्हणून नांदायला जाण्यास नकार दिला. नवरा कोर्टात गेला. १८८७ साली कोर्टाने सांगितले, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. बाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. पुण्याच्या 'केसरी'ने त्यांच्यावर आग पाखडली, हे सांगितलेच पाहिजे. १८८८ साली तडजोड झाली. पुढे रखमाबाई इंग्लंडात जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी आयुष्यभर बायकांचे दवाखाने चालवले. ज्या सुताराच्या मुलीला तुरुंगाची धमकी मिळाली, तिनेच पुढे शेकडो बाळंतिणींची सुटका केली. आमच्या गावातील सुतार, लोहार, कुंभार घरांनी आपल्या पोरींना ही हकिगत सांगावी. लग्नाच्या पत्रिकेपेक्षा ती उपयोगी पडेल.

तिसरी गोष्ट १९३८ ची. स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने प्रभाकर जनार्दन रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाची साधने लोकांस मिळावीत असा ठराव मांडला. त्यामागे डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. बाळंतपणांनी झिजलेल्या गरीब बाईची त्यात बाजू होती. ठराव पडला, बाजूने ११ मते, विरुद्ध ५२. त्याच्याही आधीपासून मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे हे गृहस्थ संततिनियमनाचा प्रचार करीत होते, मासिक काढीत होते, अश्लीलतेचे खटले सोसत होते. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. कर्वे जन्माने ब्राह्मण. त्यांना त्यांच्या जातीनेही वाळीत टाकल्यासारखेच वागवले. सत्य बोलणाऱ्याची जात आम्ही विचारीत नाही.

आता पुरुषांविषयी. हे वाचून काहींना राग येईल, तो यावा. महाराष्ट्रात लग्न झालेल्या दर शंभर बायांत जवळजवळ पन्नास जणींची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली आहे. पुरुषांचे प्रमाण शंभरात एकही भरत नाही. बाईचे पोट उघडावे लागते, पुरुषाला टाकाही लागत नाही. तो त्याच दिवशी चालत घरी येतो आणि थोड्या दिवसांत पूर्ववत कामाला लागतो. "नसबंदीने मर्दानगी जाते" ही निव्वळ बंडल आहे. खरी भीती आली ती आणीबाणीतून. १९७५ ते ७७ या काळात सक्तीने माणसे धरून नसबंदी केली गेली, आणि महाराष्ट्राने तर १९७६ साली सक्तीचा कायदाच विधिमंडळात मंजूर केला. सुदैवाने तो अमलात आला नाही. सक्तीला आम्ही तेव्हाही विरोधी असतो, आजही आहोत. मुले किती हवीत, कधी हवीत, हे सरकारने ठरवू नये, सासूने ठरवू नये, मुकादमाने तर नाहीच नाही. ज्या शरीरातून मूल जन्माला यायचे, त्या शरीराच्या मालकिणीने नवऱ्याशी बोलून ठरवावे. त्यासाठी साधने आहेत: निरोध आहे, तांबी आहे, तीन महिन्यांनी घ्यायचे अंतरा इंजेक्शन आहे, छाया नावाची गोळी आहे. सरकारी केंद्रात ती फुकट मिळतात. आशाताईला विचारण्यास लाज वाटण्याचे कारण नाही. आणि बाहेरगावी कामाला गेलेल्या, गरमी-परम्याची शंका असलेल्या पुरुषाने जत्रेतल्या तंबूवाल्या वैदूकडे न जाता सरकारी रुग्णालयात जावे. तेथे एचआयव्हीची तपासणीही मोफत आणि गुप्त राहते.

कायद्याच्या दोन गोष्टी आमच्या खेड्यांत जवळजवळ कोणासच ठाऊक नाहीत, आणि त्या न ठाऊक असल्याने जीव जातात. पहिली: १९७१ पासून या देशात गर्भपात कायदेशीर आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने, आणि कायद्यात सांगितलेल्या प्रसंगी चोवीस आठवड्यांपर्यंत दोघांच्या मताने तो करता येतो. अठरा वर्षांवरील बाईची स्वतःची संमती पुरे. नवऱ्याची सही लागत नाही. "नवऱ्याला घेऊन या" असे म्हणून जो परत पाठवतो, तो कायद्याबाहेरचे बोलतो. अविवाहित बाईलाही हा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी सांगितले. मुलगी आहे म्हणून पाडणे मात्र गुन्हा आहे, आणि गर्भ मुलाचा की मुलीचा हे सांगणेही गुन्हा आहे. या दोन गोष्टींची गल्लत करून गर्भपातच बेकायदा आहे असे समजून बाया झाडपाल्याच्या काड्या आणि विना चिठ्ठीच्या गोळ्या यांच्या मागे लागतात, आणि रक्त जाऊन मरतात.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. अठराच्या आतील मुलीला दिवस गेले तर डॉक्टरला पोलिसांत कळवावे लागते. आपण कोर्टात अडकू या भीतीने बालविवाह केलेले घर त्या पोरीला दवाखान्यातच नेत नाही. ना रक्ताची तपासणी, ना लोहाच्या गोळ्या, ना बाळंतपणाची तयारी. कळा सुरू झाल्या की मग धावपळ. चूक बापाची, भीती बापाची, आणि मरायचे पोरीने! त्याच २०२२ च्या निकालात न्यायालयाने असे सांगितले आहे की, अल्पवयीन मुलीने व तिच्या पालकाने विनंती केल्यास डॉक्टरने खबर देताना तिचे नाव व ओळख उघड करण्याची गरज नाही. तेव्हा झाले ते झाले म्हणून मुलीला घरात कोंडू नका. लग्न लावताना जे धैर्य दाखवले, त्याच्या चौथाई धैर्यात तिला दवाखान्यात नेता येईल.

"हे सगळे पोरांना सांगितले तर पोरे बिघडतील" असा आक्षेप येणारच. तो फक्त खेड्यातून येतो असे नाही. २००७ साली आमच्या आमदारांनी याच मुद्द्यावर विधिमंडळात गदारोळ केला आणि राज्य सरकारने शाळांतील लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम बंद केला. संस्कृती वाचली म्हणून ज्यांनी तेव्हा बाके वाजवली, त्यांना आम्ही एवढेच विचारतो की, त्यानंतर पोरे बिघडायची थांबली काय? तेव्हा ज्या पोरी शाळेच्या वयाच्या होत्या, त्यांनाच २०१९ च्या पाहणीत लग्नाचे वय विचारले गेले, आणि परभणीचा आकडा तुमच्यापुढे आहे. शिकवणे बंद झाले म्हणून शिकणे बंद होत नाही. मास्तर बदलतो एवढेच. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रजननाचा धडा आजही छापलेला आहे. तो वर्गात मुलामुलींपुढे नीट, हसू न फुटता शिकवावा, यासाठी पालकांनी शाळेत जाऊन मागणी करावी. शिक्षक लाजत असतील तर आरोग्य केंद्रातील नर्सबाईंना बोलवावे. पाळी म्हणजे काय हे मुलांनाही कळावे, म्हणजे वर्गात डाग दिसला तर ते खिदळणार नाहीत, स्वतःची चादर पुढे करतील.

सत्यशोधक लग्नात नवरी मुकी नसते. ती नवऱ्यापुढे स्त्रीच्या हक्कांची मागणी ठेवते आणि त्याने होकार दिल्यावरच तिच्या गळ्यात हार पडतो. असे लग्न लावताना ती अठरा वर्षांची पुरी आहे की नाही, याचा दाखला पाहिल्यावाचून आमच्या कार्यकर्त्यांनी अक्षता हाती घेऊ नयेत. पुरोहिताला घालवून बालविवाह लावला, तर पुरोहित घालवून मिळवले काय? ज्या घरी असे लग्न ठरत असल्याचे कळेल, तेथे आधी समजूत घालावी, ऐकले नाही तर १०९८ या क्रमांकावर कळवावे. ग्रामसेवक हाच गावातील बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे, आणि त्याने मांडवात जेवायला नव्हे तर लग्न थांबवायला जायचे असते.

पिंगळीकरांकडे आमची मागणी लहान आहे. दसऱ्यानंतर भागातल्या टोळ्या उसाकडे निघतात. त्याआधी ग्रामसभा भरवावी आणि सभेत हा विषय बायकांनी मांडावा; पुरुषांनी ऐकावे. फडावर जाणाऱ्या प्रत्येक बाईची आरोग्य केंद्रात तपासणी व्हावी, तिला लोहाच्या गोळ्या आणि पाळीचे कापड मिळावे, गरोदर बाईचे कार्ड तिच्या हाती असावे, आणि ती ज्या कारखान्याच्या हद्दीत जाणार तेथील आरोग्य केंद्राचे नाव व फोन त्या कार्डावर लिहून द्यावा. मुकादमाशी उचलीचा करार होतो तेव्हा खाड्याचा दंड आजारी बाईला लागणार नाही आणि कोपीजवळ आडोसा व पाणी मिळेल, हे चारचौघांसमक्ष कागदावर घ्यावे. कोणत्याही बाईला पिशवी काढण्यास सांगितले तर तिने सही करण्याआधी परभणीच्या सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरला दाखवावे. पिंगळीहून परभणी रेल्वेने एकच स्टेशन आहे.